नॉइज आणि डिसऑर्डर एकच? त्या फॉरवर्डमधली गडबड

सध्या नाशिकच्या सायन्सवाल्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय, गंगापूर रोडच्या क्लासवाल्यांपासून आमच्या टीवायच्या पोरांपर्यंत सगळ्यांकडे आलाय. म्हणे नॉइज आणि डिसऑर्डर हा एकच कचरा, कण वाढले की त्याने क्वांटम वागणं (म्हणजे कणांचं लहरींसारखं वागणं) पुसलं जाणारच, नीट थंड केलं की कचरा जातो, आणि नॉइज शून्य होत नाही म्हणून क्वांटम कॉम्प्युटर कधीच होणार नाही. हे वाचून एका मुलीने विचारलं, सर प्रोजेक्टला हा विषय घेऊ का नको? घे गं, बिनधास्त घे, फक्त आधी हे वाच.

"एकच कचरा" इथेच सगळं बिनसतं. डिसऑर्डर म्हणजे जागेजागेवरचा फरक, पण तो गोठलेला, वेळेप्रमाणे बदलत नाही. नॉइज सतत हलत असतो. गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर दहा जण एका रेषेवरून सुटले, प्रत्येकाचा स्पीड वेगळा पण कायम तोच, तर जरा वेळाने सगळे पांगणार, आता शिट्टी मारून सगळ्यांना उलटं फिरवा, तेवढ्याच वेळात सगळे एकदम रेषेवर परत! एर्विन हान यांनी १९५० मध्ये अणुकेंद्रांच्या स्पिनवर (म्हणजे त्यांच्या छोट्या चुंबकासारख्या गुणावर) हेच करून दाखवलं, त्याला स्पिन इको म्हणतात. पण धावता धावता जो तो मनाला येईल तसा स्पीड बदलायला लागला तर शिट्टीचा काही उपयोग नाही. एक बिघाड उलटवता येतो, दुसरा असा येत नाही, मग एकच कसे?

आता "पुसलं जाणारच". फिलिप अँडरसन यांनी १९५८ मध्ये दाखवलं की पुरेशा डिसऑर्डरमध्ये इलेक्ट्रॉनच्या लहरी एकमेकींना अशा छेदतात की तो पसरतच नाही, जागीच अडकतो. १९७७ च्या नोबेलमध्ये या कामाचा वाटा होता. पण ते एकट्या कणाचं झालं, एकमेकांना ढकलणारे पुष्कळ कण असले तर? २०१५ मध्ये म्युनिकच्या गटाने पोटॅशियम ४० चे अणू लेझरच्या जाळीत एक घर सोडून एक असे बसवले. नुसत्या जाळीत ही रचना झटकन मोडते, भरलेली आणि रिकामी घरं सारखी होतात. मग त्यांनी ५३२ नॅनोमीटरच्या जाळीवर ७३८ चा दुसरा लेझर टाकला, दोन्हींचा मेळ बसत नाही त्यामुळे प्रत्येक घराची ऊर्जा वेगळी झाली, आणि अणू एकमेकांवर आदळत असूनही सुरुवातीची रचना बरीचशी टिकली. पुढे २०१७ मध्ये मुद्दाम प्रकाश टाकून फोटॉन विखुरले, म्हणजे नॉइज दिला, तेव्हा सुरुवातीच्या रचनेची ती आठवण हळूहळू गेली. डिसऑर्डरने धरलं, नॉइजने सोडलं. सिस्टिम अगणित मोठी आणि वेळ अमर्याद असला तर हे टिकेल का, यावर तज्ज्ञांत अजून जोरात वाद आहे, ते झाकायचं कारण नाही.

आणि कचराच म्हणायचं तर क्वांटम हॉल इफेक्टचं काय करणार? (पातळ थरातल्या इलेक्ट्रॉनना खूप थंड करून जोरदार चुंबकीय क्षेत्रात ठेवलं की रेझिस्टन्स सलग न बदलता पायऱ्यापायऱ्यांनी बदलतो, तो हा.) क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना १९८० मध्ये सापडलेले ते सपाट टप्पे रुंद दिसतात ते अशुद्धीमुळे इलेक्ट्रॉन अडकतात म्हणून. त्याच २५८१२.८०७ ओहमवर आज रेझिस्टन्सचं माप ठरतं. उलट अडकलेली ऊर्जा मोजक्या नॉइजने पुढे सरकते, अतिनॉइज झाला की परत अडकते, हे गणितही २००८ पासून मांडलेलं आहे.

थंड करण्याचं थोडक्यात. क्वांटम कॉम्प्युटरची सुपरकंडक्टिंग चिप दहावीस मिलिकेल्विनला, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ ठेवतात, उष्णतेचा नॉइज त्याने कमी होतो, पण बनवताना क्यूबिटा-क्यूबिटात (क्यूबिट म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरचा बिट) जो फरक राहिला तो गारठून जात नाही. शिवाय बऱ्याच चिपांत शेजारच्या क्यूबिटांची फ्रिक्वेन्सी मुद्दामच वेगळी ठेवतात, नाहीतर ते आपसात ऊर्जेची देवाणघेवाण करत बसतात.

राहिलं "कधीच नाही". नॉइज शून्य लागतच नाही, एका मर्यादेखाली आला की एरर करेक्शन, म्हणजे बरेच क्यूबिट जोडून चुका पकडून दुरुस्त करणं, पुरतं. २०२४ मध्ये गुगलच्या विलो चिपवर या दुरुस्तीच्या कोडचं डिस्टन्स (जितकं जास्त, तितके जास्त क्यूबिट आणि तितक्या जास्त चुका झेलता येतात) ३ वरून ५ आणि ५ वरून ७ असं वाढवलं तेव्हा प्रत्येक टप्प्याला चूक साधारण निम्मी झाली. तिथे एक लॉजिकल क्यूबिट (बरेच क्यूबिट मिळून बनलेला एक) नुसता सांभाळून ठेवला होता, कामाचं मोठं गणित अजून व्हायचंय, पण चिप मोठी केली की चूक वाढतेच हे त्या मेसेजमधलं गृहीतक तिथेच पडलं.