घाबरलो, पण हसलोही

'करेज द कावर्डली डॉग' हे 'फक्त घाबरवणारं' कार्टून होतं, हे एका लेखातलं वाक्य काही पटलं नाही. इजिप्तच्या रामसेस राजाच्या भुताचाच भाग घ्या. रात्री घराबाहेर तो हाडकुळा राजा डुलत उभा, करेज कुत्र्याचा मालक युस्टास याच्याकडे आपली दगडी पाटी परत मागतोय. बाकी सगळं हाताने काढलेलं आणि हा एकटाच कॉम्प्युटरवर केलेला, म्हणून तो त्या जगातला वाटतच नाही. भीती वाटायचीच, नाही कशाला म्हणू! पण त्याचे शाप बघा: पहिला पुराचा, तिसरा टोळधाडीचा आणि मधला काय, तर एक रटाळ गाणं! तिथे आम्ही भावंडं लोळून हसायचो.

आमचं घर नाशिकच्या पंचवटीत, जिथे गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर चढला यावरून मोजतात. आजी शेंगा सोलत शेजारी बसायची. पुराचं पाणी युस्टासच्या घरात शिरलं की म्हणायची, "आता लागलं दुतोंड्या मारुतीच्या कमरेला!" आणि मग त्या कंजूष म्हाताऱ्याला, "देऊन टाक की रे मेल्या त्याचा दगड!" इंग्रजीचं अक्षर कळत नसताना तिला सगळं कळायचं. एकदा ऐन त्याच प्रसंगात लोडशेडिंग झालं. त्या रात्री न्हाणीघरापर्यंत एकटं जायची माझी हिंमत झाली नाही, तेवढं मात्र लेखकाचं खरं.