कंदील जळतोय म्हणून विहिरीत उतरू नका

उन्हाळा लागला, विहिरींचा गाळ काढायची वेळ आली, की खानापूर, बेळगाव, निपाणीकडच्या गावांतल्या ग्रुपांवर हा मेसेज फिरू लागतो: ‘उतरण्याआधी कंदील सोडा. जळत राहिला तर खुशाल उतरा. विझला तर चार घागरी पाणी मारा, लिंबाचा डहाळा फिरवा, वायू निघून जातो. आत गुदमरलंच तर जोरजोरात श्वास घ्या.’

कंदील विझला तर उतरू नये, एवढंच यातलं खरं. जळतोय म्हणजे हवा चांगली, हे साफ चूक. ऑक्सिजन साधारण 16 टक्क्यांवर आला की ज्योत विझते. आता जमिनीतून झिरपलेला कार्बन डायऑक्साइड विहिरीच्या हवेत 10 टक्के मिसळला असं धरा. ऑक्सिजन 21 वरून जेमतेम 19 वर येतो, कंदील जळत राहतो, आणि खाली उतरलेला माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. हा वायू नुसती ऑक्सिजनची जागा अडवत नाही, तो स्वतःच बाधतो. 4 टक्क्यांलाच जिवाला तातडीचा धोका धरतात. त्यातून गाळातून मिथेन सुटत असेल तर पेटता कंदील स्फोट घडवू शकतो.

‘जोरजोरात श्वास घ्या’ हे वाचून मला राग येतो. आपलं शरीर कार्बन डायऑक्साइड ढकलून बाहेर टाकत नाही. रक्तात तो जास्त, श्वासातून आत आलेल्या हवेत अगदी कमी (मोकळ्या हवेत 0.04 टक्के), म्हणून तो आपोआप फुफ्फुसात उतरतो आणि उच्छ्वासाबरोबर जातो. फुफ्फुसातल्या वायुकोशांत त्याचं प्रमाण 5 टक्क्यांच्या आसपास असतं. बाहेरची हवाच तेवढी किंवा त्याहून भरलेली असेल तर रक्तातला वायू जाणार कुठे? प्रत्येक श्वासाला तो उलट वाढतो. धाप लागते, डोकं गरगरतं, हात दोरावरून सुटतो. हाक मारायलाही वेळ मिळत नाही.

पाण्याचा हिशेब करून बघा. 4 मीटर व्यासाच्या विहिरीत तळाच्या एका मीटरात, 10 टक्क्यांनी, हा वायू साधारण 1250 लिटर भरतो. 15 लिटरची घागर त्यातला फार तर दीड लिटर विरघळवेल. पाण्याने हवा थोडी ढवळते, इतकंच. डहाळ्याचंही तेच.

‘काल उतरलो होतो, काही झालं नाही’ असंही कुणीतरी खाली लिहितंच. वळवाचं आभाळ आलं की हवेचा दाब उतरतो आणि मातीच्या पोकळ्यांत साठलेला वायू विहिरीत सुटतो. हवेपेक्षा दीडपट जड असल्याने तो तळाशीच बसतो. कालची विहीर आज तीच नसते.

मग करायचं काय? ब्लोअरचा पाइप थेट तळापर्यंत सोडून बराच वेळ हवा मारा आणि माणूस आत असेपर्यंत ब्लोअर चालूच ठेवा. वायू मोजायचं यंत्र दोरीने खाली सोडून आकडा बघा. ते नसेल तर उतरू नका. उतरणाऱ्याच्या छातीला पट्टा, पट्ट्याला दोर, वर ओढणारी दोन-तीन माणसं. डिझेल इंजिन विहिरीत उतरवू नका, त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वेगळाच जीव घेतो. आणि आतला माणूस कोसळला तर तो सख्खा भाऊ असला तरी मागोमाग उडी टाकू नका. दोर ओढा, ब्लोअर वाढवा, 101 किंवा 112 ला फोन लावा; अग्निशमनवाले पाठीवर हवेची टाकी घेऊन उतरतात.