राजगुरुनगरात राजगुरू मिळाले नाहीत

मागच्या आठवड्यात कामानिमित्त राजगुरुनगरला गेलो होतो. (आमच्या घरी अजून खेडच म्हणतात.) स्टँडजवळ एक जण टी-शर्ट विकत होता. महाराज, बाबासाहेब, चे गव्हेरा, भगतसिंग, सगळे एकाच दोरीवर टांगलेले. भाच्यासाठी घ्यावा म्हणून विचारलं, "राजगुरूंचा आहे का हो?"

"भगतसिंगचा घ्या ना साहेब. राजगुरू कोण मागत नाही."

आणि हे कुठे, तर ज्या गावाला त्यांचं नाव दिलंय, जिथे भीमेच्या काठी त्यांचा वाडा आहे तिथे! आधी रागच आला. मग म्हटलं, डोळे मिटून राजगुरूंचा चेहरा आठव बघू. धड आठवेना. भगतसिंगाची हॅट मात्र लगेच दिसली.

ती हॅट अशीच नाही आलेली. एप्रिल १९२९ मध्ये असेंब्लीत बाँब टाकण्याच्या काही दिवस आधी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त दिल्लीत काश्मिरी गेटजवळच्या स्टुडिओत जाऊन फोटो काढून आले. पळून जायचं नव्हतंच. अटक झाल्यावर पेपरात छापायला फोटो हवा ना! आज आपण ज्याला मार्केटिंग म्हणून नाक मुरडतो, ते त्या पोरांना चांगलं कळत होतं. फाशीनंतर हीच हॅट पोस्टरांवर घरोघरी गेली आणि इंग्रज ती चित्रं जप्त करत बसले.

पण नुसत्या फोटोनं भागत नाही. दत्तांनीही तिथेच फोटो काढला होता. त्यांना जन्मठेप झाली, पुढे सुटले, १९६५ पर्यंत जगले, तेही हलाखीत. त्यांचा स्टिकर पाहिलाय कुणी? राजगुरू तर बाविसाव्या वर्षी फासावर गेले, साँडर्स या इंग्रज पोलीस अधिकाऱ्यावर पहिली गोळी त्यांची. पण अशी ऐटदार छबी नाही, मागे भगतसिंगाइतकं लिखाण नाही. २००२ साली एकाच शुक्रवारी भगतसिंगावर दोन हिंदी सिनेमे लागले होते. दोन्हींत राजगुरू आपले शेजारी उभे.

बरं, भगतसिंग तरी आख्खा कुठे उरलाय? परत येताना वडापच्या मागच्या काचेवर तो होता, पिवळी पगडी, पीळदार मिशी, हातात पिस्तूल. काळ्यापांढऱ्या फोटोतल्या माणसाला पिवळा रंग चित्रकारांनी आणि सिनेमावाल्यांनी दिला. पुढे डॅशबोर्डवर गणपती आणि उदबत्ती. आणि याच माणसानं १९३० मध्ये लाहोरच्या तुरुंगात बसून, फाशी समोर दिसत असताना, 'मी नास्तिक का आहे' लिहिलं. ड्रायव्हरला सांगावंसं वाटलं होतं, पण गाडी नव्वदनं चालली होती.

टी-शर्ट घेतला. भगतसिंगाचाच, अडीचशेला. भाच्यानं घातला, आरशात बघितलं आणि विचारलं, "मामा, हा सरदार होता ना? मग हॅट का घातलीय?"

रात्रीचे साडेअकरा वाजले सांगता सांगता. साँडर्सपासून सुरुवात केली, म्हणजे राजगुरूंपासूनच.