पान्यावरचे नाव आणि पान्याचा जबडा

मेकॅनिकांमध्ये एक मजकूर वारंवार फिरत असतो. त्याचा सारांश असा: खरा मेकॅनिक एकाच नामांकित ब्रँडचा पूर्ण सेट घेतो; पान्यावर 'क्रोम व्हॅनेडियम' (हत्यारांच्या पोलादाचा एक प्रकार) असा शिक्का आणि सोबत आजीवन वॉरंटी असेल तर दर्जाची चिंता नाही; महाग पाना बोल्ट कधीच खराब करत नाही आणि स्वस्त पाना नेहमीच करतो. शिकाऊ मुले हा सल्ला खरा मानतात आणि पहिल्या काही पगारांचे पैसे त्यात घालतात, म्हणून त्यातला एकेक दावा तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

पहिला दावा नावाचा. ब्रँड आणि कारखाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्राफ्ट्समन हे सिअर्स या अमेरिकी दुकानसाखळीने १९२७ मध्ये सुरू केलेले नाव. त्याखाली विकली जाणारी हत्यारे सिअर्स स्वतः बनवत नव्हती, वेगवेगळे उत्पादक ती बनवून देत. २०१७ मध्ये ते नाव स्टॅनली ब्लॅक अँड डेकरने विकत घेतले, आणि फ्रान्सची फॅकॉमही याच समूहात आहे. स्वीडनचे बाको १९९९ पासून स्नॅप-ऑन या अमेरिकी हत्यार-कंपनीच्या मालकीचे आहे. यांतले कोणतेही नाव वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. परंतु वीस वर्षांपूर्वीच्या पान्याची कीर्ती आजच्या पान्याला आपोआप लागू होत नाही; शिवाय पक्कड उत्तम बनवणाऱ्याचे रॅचेटही (एकाच दिशेने पकड घेणारा दात्यांचा दांडा) तितकेच उत्तम असेल असे मानायला काहीच आधार नाही.

शिक्क्याविषयीचा दावा तर अधिकच कच्चा आहे. या पोलादात व्हॅनेडियमचे प्रमाण एका टक्क्याहून पुष्कळ कमी असते, आणि तेच पोलाद नीट तापवून, विझवून (झटकन थंड करून), पुन्हा योग्य तापमानाला आणले नाही तर एक तर ठिसूळ राहते किंवा मऊ पडते. ८.८ या ताकद-वर्गाच्या बोल्टाची कठिणता रॉकवेल सी मापावर साधारण २२ ते ३२, तर १२.९ वर्गाची ३९ ते ४४ असते. हत्यार त्याहून कठीण हवे, पण इतके कठीण नको की जोर पडताच ते तडकेल. हा तोल उष्णता-प्रक्रियेत साधला जातो आणि शिक्का त्याविषयी काहीच सांगत नाही. चकचकीत क्रोमची साधी गोटी (बोल्टाच्या डोक्यावर बसणारे सॉकेट) इम्पॅक्ट गनवर, म्हणजे ठोके देत बोल्ट फिरवणाऱ्या यंत्रावर, लावली तर ती फुटून तुकडे उडू शकतात. त्या कामासाठी थोडी मऊ, जाड भिंतीची काळी गोटीच लागते, मग साध्या गोटीवर कितीही मोठे नाव कोरलेले असो.

आता बोल्ट खराब होण्याचा मुद्दा, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सहा मिलिमीटरच्या बोल्टाचे डोके नावाला दहा मिलिमीटरचे असते, परंतु प्रमाणानुसार ते ९.७८ पर्यंत लहान असू शकते. त्यात गंज आणि आधीच्या हातांनी झिजवलेले कोपरे यांची भर घाला. अशा डोक्यावर बाराकोनी रिंग (डोक्याभोवती कड्यासारखा बसणारा पाना), ती कितीही महाग असली तरी, केवळ कोपऱ्यांना धरते. सहाकोनी गोटी सपाट बाजूंवर अधिक जागा घेते. जोर कोपऱ्यावर न देता बाजूवर देणारी रचना स्नॅप-ऑनने रूढ केली हे खरे, पण तिचे पेटंट केव्हाच संपले असून आज मध्यम किमतीच्या पान्यांतही ती सर्रास मिळते.

माझा स्वतःचा अनुभव याच प्रकारचा आहे. एका जपानी मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरचे तळातले स्क्रू मी एका प्रसिद्ध ब्रँडच्या महागड्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरने सोडवत होतो. टोक खाचेत पूर्ण बसल्यासारखे वाटत होते, तरी जोर देताच ते वर सरकले आणि मऊ स्क्रूची खाच चमच्यासारखी गुळगुळीत झाली. ते स्क्रू जपानी प्रमाणाचे होते आणि त्यांची खाच फिलिप्ससारखी दिसत असली तरी तिची घडण वेगळी असते. उरलेले तीन स्क्रू त्या प्रमाणाच्या साध्या, स्वस्त स्क्रूड्रायव्हरने सहज निघाले. दोष हत्याराच्या दर्जाचा नव्हता, निवडीचा होता, आणि ती निवड मी नाव पाहून केली होती.

स्वस्त हत्यार नेहमीच वाईट नसते, याचा अर्थ ते कुठेही चालते असा मात्र नाही. ॲलन की (बोल्टाच्या षटकोनी खाचेत बसणारी किल्ली) मऊ असेल तर १२.९ च्या बोल्टात ती पिळवटते; ब्रेकच्या नळीच्या नटासाठीची कापलेली रिंग कमकुवत असेल तर तिचा जबडा फाकतो आणि नट गोल होतो. रॅचेटवरही पैसे खर्चावेत: ७२ दात्यांचे रॅचेट दर ५ अंशांना पकडते, ३६ दात्यांचे १० अंशांना, आणि अडचणीच्या जागी हा फरक हाताला लगेच कळतो; पण दाते जितके बारीक, तितकी आतली घडण चांगली हवी.

एकाच ब्रँडचा सेट घेण्याची तर गरजच नाही. पाव, तीन-अष्टमांश आणि अर्धा इंच हे चौकोनी खुंटीचे आकार सर्वत्र सारखे आहेत, त्यामुळे एकाचे रॅचेट आणि दुसऱ्याची गोटी बिनतक्रार जुळतात. सेटमध्ये कधीच हातात न येणाऱ्या मापांचेही पैसे मोजावे लागतात, ते वेगळेच.

वॉरंटीने तुटलेला पाना बदलून मिळतो, गोल झालेला बोल्ट नाही. टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच बोल्ट आवळण्यासाठीचा पाना) तर बहुधा अशा आजीवन हमीतून वगळलेलाच असतो, कारण त्याचे माप वापराने सरकते. आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार, वापरकर्त्याने स्वतःचा वेगळा काळ ठरवला नसेल तर, तो १२ महिन्यांनी किंवा ५,००० वापरांनंतर, जे आधी येईल तेव्हा, तपासून घ्यायचा असतो.

पाना घेताना मी एक नवा, चांगला बोल्ट खिशात ठेवतो. पाना त्यावर बसवून हलकेच डावी-उजवीकडे हलवतो आणि जबडा किती डुलतो ते पाहतो. मग दोन्ही टोके, कारण एक नीट आणि दुसरे सैल असा पाना मला महागड्या सेटमध्येही मिळालेला आहे.