इरेना सेंडलर यांचा तो मेसेज आणि त्यातून गळलेली घरं

व्हॉट्सअ‍ॅपवर हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे: दुसऱ्या महायुद्धात इरेना सेंडलर या प्लंबर बाईने पोलंडमधल्या वॉर्साच्या घेट्टोतून (जर्मनांनी ज्यूंना कोंडलेली, भिंतीने वेढलेली वस्ती) हत्यारांच्या पेटीत तान्ही बाळं लपवून आणली. सोबतचा कुत्रा भुंके, म्हणून रडणं ऐकू जात नसे. तिने एकटीने २,५०० मुलं वाचवली, युद्धानंतर ती आईबापांना परत केली, आणि २००७चं नोबेल मात्र अल गोर यांनी नेलं. बाई खरी, तिचं धैर्यही खरं. पण मुलांना घरात ठेवून घेणारी माणसं या मजकुरात कुठेच नाहीत, म्हणून हे उत्तर.

प्लंबर? नाही. सेंडलर वॉर्सा नगरपालिकेच्या समाजकल्याण खात्यात होत्या. जर्मनांना टायफसची धास्ती होती. साथ आटोक्यात ठेवण्याच्या कामासाठी म्हणून सेंडलर यांना घेट्टोत जायचा परवाना मिळाला.

पेटीच्या गोष्टीला आधार आहे, पण रीत एकच नव्हती. जुलै १९४२मध्ये सहा महिन्यांची एल्झ्बिएता फिचोव्स्का विटांच्या गाडीतून बाहेर आली, हवेसाठी भोकं पाडलेल्या लाकडी पेटीत. सोबत नाव आणि जन्मतारीख कोरलेला चांदीचा चमचा होता. तान्ह्यांना गुंगीचं औषध देत. चालू शकणारी मुलं लेश्नो रस्त्यावरच्या न्यायालयातून येत, कारण त्या इमारतीत घेट्टोकडूनही शिरता येई आणि शहराकडूनही.

‘एकटीने’ हा शब्द सर्वांत चुकीचा. २,५०० हा आकडा साऱ्या जाळ्याच्या कामाचा म्हणून सांगितला जातो. डिसेंबर १९४२मध्ये झेगोता ही ज्यूंना मदत करणारी गुप्त समिती उभी राहिली. सेंडलर पुढे तिच्या मुलांच्या विभागाच्या प्रमुख झाल्या. ऑक्टोबर १९४३मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्यांना पकडलं, छळ केला. त्या सुटल्या त्या झेगोताने पहारेकऱ्यांना चारलेल्या लाचेमुळे.

आणि भिंत ओलांडणं काही तासांचं काम होतं; खरा प्रश्न पुढच्या दोन-अडीच वर्षांचा होता. मूल आधी काही दिवस तात्पुरत्या घरी राही. तिथे नवं नाव, कॅथलिक प्रार्थना, क्रूसाची खूण घोटून घेत. झोपेतून उठवून नाव विचारलं तरी नवंच यायला हवं. यिडिश (तिथल्या ज्यूंची भाषा) वळणाचा एक उच्चार पुरेसा घातक होता. मग बाप्तिस्म्याचा दाखला, खरा किंवा बनावट. केस काळे असतील तर रंगवत. चेहराच ‘वाईट’, म्हणजे ज्यू वाटणारा ठरला, तर मुलाने खिडकीजवळही जायचं नाही. मुलग्यांना जागा मिळणं जास्त अवघड, कारण सुंता झालेली असे आणि विजार उतरवली की संपलं. घरात अचानक दूध-पाव जास्त येऊ लागला की शेजाऱ्यांच्या डोळ्यांवर येई. पैसे उकळणारे खंडणीखोर दारात उभे राहिले, की रातोरात घर बदलायचं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. झेगोता महिन्याला साधारण ५०० झ्लॉटी (पोलंडचं चलन) देई, तेही जमेल तेव्हा. काही मुलं कॅथलिक नन्सच्या अनाथालयांत वाढली.

पकडलं गेल्यास काय, हे १५ ऑक्टोबर १९४१च्या फर्मानात लिहिलेलं होतं: आसरा देणाऱ्यालाही मृत्युदंड. २४ मार्च १९४४ला मार्कोवा गावात युझेफ आणि गरोदर विक्टोरिया उल्मा, त्यांची सहा मुलं आणि घरात लपलेले आठ ज्यू, सगळे मारले गेले.

नोबेलचं थोडक्यात: २००७चं शांतता पारितोषिक हवामानबदलावरील आंतरसरकारी मंडळ आणि अल गोर यांना विभागून मिळालं. नामांकनांच्या नोंदी समिती ५० वर्षं बंद ठेवते, त्यामुळे कोण कोणापुढे हरलं हे आज कुणीच सांगू शकत नाही.

शेवटचा दावा आईबापांचा. पातळ कागदावर खरी आणि नवी नावं लिहून बाटल्यांत पुरली होती, लेकार्स्का रस्त्यावरच्या बागेत सफरचंदाच्या झाडाखाली. युद्धानंतर यादी ज्यू समितीचे अडोल्फ बेर्मान यांच्याकडे गेली. पण २२ जुलै ते २१ सप्टेंबर १९४२ या दोन महिन्यांत वॉर्सातून सुमारे २,६५,००० माणसं त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेली होती. बहुतेक मुलांना परत न्यायला कुणी उरलं नव्हतं. पेटीतल्या त्या बाळाला स्टानिस्वावा बुसोल्ड या सुइणीने मुलगी म्हणून वाढवलं. आपण ज्यू आहोत हे फिचोव्स्का यांना कळलं तेव्हा त्या १७ वर्षांच्या होत्या.