डिग्री, सतार आणि बोटांवरचे घट्टे

प्रवेशांचे दिवस आले की मला ठरलेला प्रश्न येतो. मुलगी सहा वर्षं गाणं शिकतेय, आता इंजिनीअरिंगला जाणार, दोन्ही जमेल का? मुलगा तबला सोडायला तयार नाही, वेळ मिळेल का त्याला? मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. आणि पुढे एम.एस्सी. करताना सतार शिकत होते, म्हणून मला विचारतात.

वेळ मिळतो हो. रोजचा अर्धा तास कुणाकडेही असतो आणि तो फोनवर कसा जातो हे आपण सगळेच जाणतो. माझ्या सतारीचं त्या पाच वर्षांत जे नुकसान झालं ते वेळ नव्हता म्हणून झालं नाही. मी हुशार विद्यार्थिनी होते म्हणून झालं.

हसू नका, नीट सांगते. कॉलेजात हुशार म्हणजे काय, तर सेमिस्टरभर बरं चालवायचं आणि पेपरच्या आधी वीस दिवस मान मोडून बसायचं. ऑरगॅनिकमधल्या नेम रिअॅक्शन्स, म्हणजे शोधणाऱ्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभिक्रिया, मी तीन रात्रींत पाठ केल्यात. पेपर देऊन बाहेर आल्यावर त्यातल्या निम्म्या विसरले, तरी विद्यापीठाची काही तक्रार नव्हती. मार्कही चांगले पडायचे. असं दोन-तीनदा निभावलं की आपल्याला वाटायला लागतं, शिकणं म्हणजे हेच. आणि मग तीच युक्ती मी सतारीला लावायला गेले.

परीक्षेआधीच्या सुट्टीत सतार गवसणीत. तीन आठवडे. मनात हिशोब पक्का, की पेपर संपले की रोज चार-चार तास बसून भरून काढू. आता ज्यांनी सतार वाजवलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. डाव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट सतत बाजाच्या, म्हणजे मुख्य, पोलादी तारेवर असतं. मींड घ्यायची तर ती तार पडद्यावर दाबून आडवी ओढायची, एकाच पडद्यावरून पुढचे तीन-चार स्वर काढायचे. तेवढा ताण सोसायला बोटांवर घट्टे लागतात. ते पडायला महिने जातात आणि मऊ पडायला तीन आठवडे पुरतात. पेपर संपल्याच्या दुसऱ्या दिवशी मी चार तास बसले. तिसऱ्या दिवशी दोन्ही बोटांवर फोड. पुढचा आठवडा पुन्हा काही नाही. हा प्रकार मी एकदा नाही, चार सेमिस्टर केला. केमिस्ट्री शिकणाऱ्या बाईने निरीक्षणावरून निष्कर्ष काढायला एवढा वेळ लावावा, हेही नोंदवून ठेवते.

घट्टे निदान दिसतात तरी. आतलं जे जातं ते दिसत नाही. उजव्या हाताचा दिर-दिर, म्हणजे तारेवरचा जलद दुहेरी आघात, बोटातल्या नखीचा तो सैल पण नेमका ठोका, लय दुप्पट केल्यावर मनगट न आखडणं, हे सगळं थोडं थोडं करून अंगात मुरतं, आणि मुरायला मधे झोप लागते. बोटांनी ठरावीक क्रमाने कळा दाबायला शिकवून केलेल्या प्रयोगांत असं दिसलंय, की रात्रीच्या झोपेनंतर, मधे सराव न करताही, माणसं आदल्या दिवसापेक्षा जलद आणि कमी चुकत ती कृती करतात. म्हणजे सलग सहा तासांचा रियाझ आणि बारा दिवसांचा अर्धा-अर्धा तास, बेरीज सारखीच असली तरी पदरात पडणारी गोष्ट वेगळी. दुसऱ्यात बारा रात्री आहेत.

याचा पुरावा मला संगीताच्या विशारद परीक्षेत मिळाला. शास्त्राचा पेपर मी एका रात्रीत तयार केला होता, आणि तो छान गेला. रागांची माहिती, ताललिपी, घराणी, सगळं धडाधड लिहिलं. प्रात्यक्षिकाला बागेश्री रागातली मसीतखानी गत, म्हणजे सोळा मात्रांच्या तीनतालातली संथ रचना, होती. तिचा मुखडा, म्हणजे समेकडे नेणारा सुरुवातीचा तुकडा, बाराव्या मात्रेवर उचलायचा असतो: दिर दा दिर दा रा, आणि समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, दा. परीक्षकांनी तान घेऊन मुखड्यावर यायला सांगितलं. तान मला पाठ होती. अगदी नेम रिअॅक्शनसारखी पाठ होती. पण हात तिच्या मागे होता, आणि मी मुखड्याशी पोचले तेव्हा तबलजी चौदाव्या मात्रेवर होते. त्यांनी भल्या माणसासारखी नजर खाली केली. दुसऱ्यांदा घेतली, तेव्हा नवव्यावरच संपली. परीक्षक काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "शास्त्र चांगलं लिहिलंयस." त्या वाक्याचा अर्थ मला घरी पोचल्यावर कळला.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे: डिग्री आणि संगीत यांचं भांडण घड्याळावरून नाही, सवयीवरून आहे. विद्यापीठ उशिरा सुरू करून जोरात संपवायला शिकवतं. गळ्याला आणि हाताला ते चालत नाही.

तासांचा हिशोबही एकदा डोळे उघडे ठेवून करावा. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांचा १९९३ चा बर्लिनमधल्या व्हायोलिन विद्यार्थ्यांवरचा अभ्यास सगळ्यांना 'दहा हजार तास सराव केला की माणूस पारंगत होतो' एवढाच माहीत असतो. त्यातले दुसरे आकडे मला जास्त बोलके वाटतात. सर्वोत्तम गटाने अठराव्या वर्षापर्यंत एकट्याने केलेला सराव सरासरी ७,४०० तासांच्या आसपास होता आणि संगीतशिक्षक होण्यासाठी शिकणाऱ्या गटाचा ३,४०० च्या आसपास. रोज अर्धा तास, वर्षातले ३०० दिवस, तीन वर्षं धरली तर होतात ४५० तास. यात मैफलीचा कलाकार होत नाही, आणि तसं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण आधी शिकलेलं टिकतं, दोन-तीन राग खोल जातात आणि हात जिवंत राहतो. (त्याच अभ्यासात वरच्या गटातली मुलं जास्त झोपत, दुपारीही डुलकी काढत, असंही आहे. जागरणाला तपश्चर्या म्हणणाऱ्यांनी हे पाहावं.)

मग लोक दाखले देतात. अश्विनी भिडे-देशपांडे यांनी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. आणि मग जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट केली. प्रभा अत्रे विज्ञान आणि कायदा दोन्हींच्या पदवीधर. खरंच आहे. पण हे दाखले एखाद्या अठरा वर्षांच्या मुलाच्या तोंडावर फेकू नयेत, त्यात त्या माणसांचे कष्ट दिसत नाहीत, नुसती नावं दिसतात. रसायनवाल्यांचा लाडका दाखला एकोणिसाव्या शतकातल्या रशियन बोरोदिनचा. प्राध्यापक, आल्डॉल अभिक्रियेच्या शोधात ज्याचा वाटा, आणि शिवाय मोठा संगीतकार! पण त्याने १८६९ मध्ये हाती घेतलेला 'प्रिन्स इगोर' हा ऑपेरा १८८७ मध्ये तो गेला तेव्हाही अपुराच होता. रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि ग्लाझुनोव्ह यांनी तो पुरा केला. अठरा वर्षं! दोन्ही जमतं का, याचं उत्तर बोरोदिनकडून घ्यायचं तर ते असं पूर्ण घ्यावं. मला त्याने उलट धीर दिला. त्याचंही अपुरं राहिलं, तर माझं एका सेमिस्टरला मागे पडलं म्हणून काय बिघडलं?

संस्थांनाही हे ठाऊक आहे. अमेरिकेतल्या ओबर्लिन कॉलेजमध्ये वादन-गायन आणि दुसरा विषय अशा दोन पदव्या एकत्र करता येतात, पण त्या अभ्यासक्रमाला चारऐवजी पाच वर्षं धरलेली आहेत. कागदावर प्रामाणिकपणे मांडलं की वर्ष वाढतं. आपण घरच्या घरी मांडतो तेव्हा मात्र तेवढ्याच वर्षांत दोन्ही कोंबतो आणि मग मुलाला म्हणतो, "तुझंच नियोजन चुकतं."

पाचव्या सेमिस्टरला मी शेवटी सरांना खरं सांगितलं. तोवर मी दर आठवड्याला "थोडा झाला" असं म्हणायचे, आणि सर ऐकून घ्यायचे. त्या दिवशी म्हटलं, "सर, रियाझ झालाच नाही, आणि परीक्षा होईपर्यंत होणारही नाही." ते म्हणाले, "मग नवीन काही देत नाही. इथे ये, माझ्यासमोर बसून जुनंच वाजव. मी चहा पीत बसतो." तो महिना मी त्यांच्याकडे नुसते पलटे, म्हणजे सरावाचे स्वरक्रम, वाजवले. आजवरची माझी सगळ्यात उपयोगी शिकवणी ती. तुमच्या गुरूला तुमचं वेळापत्रक माहीत असू द्या, लपवाछपवीत सगळ्यात जास्त शक्ती जाते.

बाकी जे उपयोगी पडलं ते फार साधं. अभ्यासानंतर नाही, अभ्यासाआधी बसायचं, कारण रात्री अकराला डोकं शिणलेलं असतं आणि शिणलेला हात चुकीचंच पक्कं करतो. सतार गवसणीत ठेवायची नाही. तरफा, म्हणजे पडद्यांखालच्या आपोआप झंकारणाऱ्या तारा, जुळवण्यातच पंधरा मिनिटं जातात, म्हणून आठवडाभर फक्त बाज, जोड आणि चिकारी या वरच्या तारा जुळवायच्या, तरफांचा लाड रविवारी. परीक्षेच्या काळात पंधरा मिनिटं, तेवढ्यात फक्त पलटे आणि थोडी मींड, घट्ट्यांपुरती. आणि वाद्याशिवायचा रियाझ. लॅबमध्ये डिस्टिलेशन चालू असताना मांडीवर बोल, जिने चढताना पावलांना तीनताल आणि तोंडात सरगम. कितीदा सोळाव्या पायरीआधीच मजला संपायचा आणि मी सम शोधत उभी.

एक गोष्ट राहिली, ती सांगताना काही जण रागावतील. 'संगीत शिकलं की अभ्यासात मार्क वाढतात' असं सांगून मुलांना परवानगी मिळवून देऊ नका. मार्क वाढले नाहीत की पहिला बळी त्याच संगीताचा जातो. माझे तर एका सेमिस्टरला कमीही झाले होते. सतारीमुळे मी केमिस्ट्रीत हुशार झाले नाही आणि केमिस्ट्रीमुळे बागेश्री सुधारला नाही. दोन्ही मला हव्या होत्या, एवढंच.

परवा एका मुलीने विचारलं, "ताई, पहिलं वर्ष जड असतं म्हणतात, तर एक वर्ष गाणं बंद ठेवू का, मग पुन्हा सुरू करते?" मी तिला बोटं दाखवली असती, पण ती फोनवर होती. म्हटलं, बंद नको, दहा मिनिटं ठेव. तानपुरा लाव, खर्जात सा लाव, बास. तिने विचारलं, दहा मिनिटांनी काय होणार? म्हटलं, वर्षभर करून मग मला सांग.

आज रविवार. तेरा तरफा वाट बघताहेत आणि त्यातली एक कालपासून उतरलीये.