आजी, फुटपाथ काय शोभेला बांधलाय?

हे वाक्य आज सकाळी एका स्कूटरवाल्या पोराने जाता जाता टाकलं आणि माझं डोकं फिरलं. आजी सत्तरीच्या पुढच्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. शेजारी नवाकोरा फुटपाथ, आणि त्या आपल्या कडेकडेने डांबरावरून चाललेल्या.

पोराला फुटपाथ दिसला, त्याची उंची नाही दिसली. टेप लावली तर ३० सेंमी. घरातल्या जिन्याची पायरी १५-१७ सेंमीची असते. म्हणजे एका दमात दोन पायऱ्या, तेही धरायला कठडा नसताना. वर शंभर मीटरमध्ये सोसायट्यांची सात गेटं, आणि प्रत्येक गेटापाशी फुटपाथ तुटलेला. सात वेळा उतरा, सात वेळा चढा. काठी आणि कोथिंबीर सांभाळत!

रस्त्यांचे नियम ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ या फुटपाथसाठीच्या नियमावलीत स्वच्छ लिहिलंय, कर्ब (फुटपाथची रस्त्याकडची उभी कड) १५ सेंमीपेक्षा उंच नको आणि चालायला मोकळी जागा किमान १.८ मीटर हवी. यात अवघड काय आहे? व्हीलचेअरच्या रॅम्पला १:१२ उतार लागतो. १५ सेंमीच्या कर्बला १.८ मीटर लांब रॅम्प पुरतो, ३० सेंमीला ३.६ मीटर लागतो. तेवढी जागा कुठेच नसते, मग साठ सेंमीत उतरवून टाकतात. त्याला रॅम्प नाही, घसरगुंडी म्हणतात.

उंची वाढते कशी, तर जुनं डांबर न खरवडता त्यावर नवा थर, पुन्हा नवा थर. रस्ता वर आला की कर्ब बुडतो. म्हणून पुढच्या वेळी फुटपाथ आधीच उंच करून ठेवायचा. शिवाय ठरलेलं उत्तर असतंच, "टू-व्हीलर चढू नयेत म्हणून." बरं, चढतात, मान्य. पण त्या कर्बवरून कशाला उडी मारतील? गेटाच्या उतारावरून आरामात वर येतात. बोलार्ड (गाड्या अडवायचे बुटके खांब) लावले तरी व्हीलचेअरसाठी मध्ये किमान ९० सेंमी सोडावे लागतात, आणि स्कूटर हँडलसकट ७० सेंमीच्या आसपास. ती जातेच. ३० सेंमीच्या उंचीने अडतात त्या फक्त आजी.

करायचं ते उलट. फुटपाथ गेटापुढूनही त्याच पातळीत सरळ न्यायचा आणि चढउतार गाडीने करायचा. फुटपाथच्या रस्त्याकडच्या कडेला झाडं, खांब, डीपी (विजेच्या पेट्या) यांचा जो पट्टा असतो, त्यातच गाडीसाठी ९० सेंमीचा उतार काढायचा. १५ सेंमीच्या कर्बला तो बास होतो, गाडीचं पोट घासत नाही. गल्लीच्या तोंडाशीही तेच, क्रॉसिंग उचलून फुटपाथच्या पातळीला आणायचं. गाडीवाला आपोआप ब्रेक मारतो, वेगळा स्पीडब्रेकर नको. कोपऱ्याची गोलाईही कमी ठेवायची. ऐसपैस गोल कोपरा म्हणजे वेग कमी न करता वळायचं आमंत्रण. कोरड्या रस्त्यावर ताशी ३० वेग असेल तर गाडी साधारण १३ मीटरमध्ये थांबते, ५० ला २८ मीटर लागतात.

गेटापुढे पेव्हर ब्लॉक ८० मिमीचे हवेत. नुसत्या चालण्यासाठीचे ६० मिमीचे तिथे टिकत नाहीत. आणि ब्लॉक कितीही जाड घ्या, खालचा भराव धुम्मस न मारता वर वाळू पसरली तर पहिल्या पावसात खड्डा पडतो आणि पाय ठेवला की ब्लॉकखालून चिखलाची पिचकारी उडते. केबलवाले खोदून गेल्यावर बहुतेक वेळा हेच होतं.

सायकलवाल्यांचं तर विचारूच नका. पावसाळी गटाराच्या जाळीचे गज रस्त्याच्या दिशेने लांबलचक बसवतात. फटीत चाक गेलं की माणूस हँडलवरून पुढे. जाळी ९० अंशात फिरवली की काम झालं, एक रुपया जास्त लागत नाही. कोणी फिरवत नाही.

सगळंच वाईट आहे असं नाही. पुण्यात जंगली महाराज रस्त्याचे फुटपाथ रुंद केले, तिथे माणसं खरंच चालतात, टेकतात, गप्पा मारतात. पार्किंग गेलं म्हणून ओरड झाली, आणि दुकानदारांचं सगळंच चुकीचं होतं असंही नाही, टेम्पोतून माल उतरवायला जागा लागतेच. ती आखून द्यावी. पण लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबरला पादचारी दिन करायचा आणि १२ तारखेपासून पुन्हा माणसांनी गाड्यांमधून वाट काढायची, हे काही पटत नाही.

असो. मगाशी चिडून लिहिलं. त्या पोराचीही फार चूक नाही, त्याने फुटपाथ सीटवरूनच पाहिलेला असणार.

तुमच्या भागात काम निघालं तर ड्रॉइंग मागा आणि कर्बची उंची बघा. १५० मिमीपेक्षा जास्त दिसली तर काँक्रीट पडायच्या आधीच लेखी तक्रार द्या, नंतर कोणी फोडत नाही. खडूने डांबरापासून १५ सेंमीवर खूण करून ठेवा, साइटवरच्या मिस्त्रीला ती ड्रॉइंगपेक्षा लवकर कळते.

आणि तो पोरगा कुणाच्या ओळखीतला निघालाच, तर त्याला म्हणावं, दोन्ही गुडघ्यांना घट्ट पट्टे बांध, हातात चार किलोची पिशवी घे आणि ती सात गेटं एकदा पार करून दाखव.